जाणत्याचें मौन

इंग्लंडांत सातव्या एडवर्डच्या कारकीर्दींत पाडलेलीं अर्ध्या क्राउनचीं दोन नाणीं वाचकांनीं क्षणभर डोळ्यांपुढें आणावीं. एकावर 1905 हा सन आहे, दुसऱ्यावर 1906. दोहोंचें वजन सारखें, रुप्याचा कस सारखा, राजाचा मुखवटा एकच आणि मागील बाजूची ढालहि तीच. त्या काळीं दुकानांत तीं दिलीं असतीं तर दुकानदारानें दोहोंबद्दल सारखाच माल मोजून दिला असता. असें असूनहि आज नाणेंसंग्राहकांच्या बाजारांत पहिल्यास दुसऱ्याच्या कितीतरी पट किंमत येते. कारण 1906 सालीं अशीं सुमारें 29 लाख नाणीं पाडण्यांत आलीं, तर 1905 सालीं केवळ 1 लाख 66 हजारांच्या आसपास. हा सगळा फरक एका आंकड्यांत सांठविलेला आहे. आणि ज्याला त्या आंकड्याचा अर्थ ठाऊक नाहीं, त्याच्या हातांत दोन्ही नाणीं म्हणजे तेवढ्याच वजनाचें रुपें होय.

येथें नीतीचा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. समजा, एखादी वृद्ध विधवा नवऱ्याच्या पश्चात् त्याचा नाण्यांचा डबा घेऊन एका जाणत्या गृहस्थाकडे येते व रुप्याच्या भावानें तो देऊं करते. डब्यांत 1905 चें नाणें आहे हें त्यानें ओळखलें आहे. त्यानें बोलावें, कीं गप्प राहून पैसे मोजावे?

इतर मालाच्या बाबतींत हा पेंच इतका तीव्र होत नाहीं. आंबा घेणारा तो हुंगून पाहतो, कापड घेणारा पोत चाचपतो. मालाचा गुण मालांतच असतो व थोड्याशा अनुभवानें तो कोणासहि कळतो. जुन्या नाण्याची गोष्ट निराळी. धातूच्या मोलावर जें कांहीं चढतें तें सर्व जाणिवेचें मोल असतें. 1933 सालची इंग्रजी पेनी पाहा. त्या वर्षीं बाजारांत पेनींचा इतका सुकाळ होता कीं नव्या पाडण्याचें कारणच नव्हतें. परंतु मोठ्या इमारतींच्या कोनशिलेखालीं त्या त्या सालच्या नाण्यांचा संच पुरण्याची तेथें चाल असल्यामुळें मूठभर पेनी तेवढ्या टांकसाळींतून बाहेर पडल्या. पुढें त्यांची दुर्मिळता सर्वतोमुखीं झाली. 1970 सालीं लीड्स शहरांतील मिडल्टन भागांत सेंट क्रॉस चर्चच्या कोनशिलेखालील पेनी चोरांनीं काढून नेली. तेव्हां त्याच शहरांतील दुसऱ्या एका चर्चच्या पेनीचीहि तीच गत होईल ह्या धास्तीनें रिपनच्या बिशपांनीं ती बाहेर काढवून विकावयास लाविली, व 1972 सालीं तिचा लिलांव झाला. दगड तोच, तांबें तेंच. लोकांचें ज्ञान मात्र मधल्या काळांत वाढलें होतें, आणि ज्या ठिकाणीं ती पेनी जवळजवळ चाळीस वर्षें निर्धास्त पडून होती तें ठिकाण तेवढ्यानेंच धोक्याचें झालें.

आतां, ज्ञान हाच जर ह्या मालाचा प्राण, तर तें ज्याच्यापाशीं आहे त्यानें त्याचा लाभ कां घेऊं नये, असा प्रतिपक्ष आहे. आणि तो हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. हा मनुष्य वर्षानुवर्षें याद्या चाळीत बसला आहे. झिजलेलें नाणें आणि मुळांतच कच्च्या ठशानें पाडलेलें नाणें ह्यांतील भेद त्यानें भिंगाखालीं डोळे शिणवून शिकून घेतला आहे. हौसेनें घासून चकचकीत केलेलें नाणें जाणत्यांच्या लेखीं निम्म्याहून अधिक मेलेलें असतें, हेंहि तो पैसे गमावून शिकलेला असतो. शिवाय तो नसता तर काय झालें असतें? इंग्लंडचीं रुप्याचीं नाणीं 1920 पूर्वीं साडेब्याण्णव टक्के कसाचीं होतीं, त्यानंतर 1946 पर्यंत निम्म्या कसाचीं, आणि 1947 पासून त्यांत रुपें उरलेंच नाहीं. 1980 च्या सुमारास रुप्याचा भाव भडकला तेव्हां कितीतरी जुनीं नाणीं सरसकट मुशींत गेलीं. त्यांतलें कोणतें जपून ठेवण्यासारखें आहे हें पाहण्यास कोणी थांबलें नाहीं. आपल्याकडे तरी दुसरें काय होतें? आजीच्या डब्यांतील गिनी सोनार कसोटीवर घासतो, तागडींत टाकतो आणि वितळवितो. (जिला आपण गिनी म्हणतों तें बहुधा सॉव्हरिन असतें, खरी गिनी 1816 च्या नाणेसुधारणेनंतर पाडलेलीच नाहीं.) अशाच एखाद्या सॉव्हरिनवर सनाच्या वर बारीकसें रोमी ‘आय’ अक्षर असलें तर तें 1918 सालीं मुंबईच्या टांकसाळींत पाडलेलें आहे, त्या टांकसाळीनें सॉव्हरिनें त्या एकाच सालच्या सनाचीं पाडलीं. सोनाराला त्याचें सोयरसुतक नसतें. पारख्याच्या हातीं तें गेलें तर निदान तगून राहतें.

हें सर्व आम्हांस मान्य आहे. मात्र ह्यांतून निष्पन्न काय होतें? पारख्याला मजुरी मिळावी, इतकेंच. वैद्याला विद्येचें मोल मिळतें म्हणून रोग्याचें घर त्याच्या नांवावर होत नाहीं. ज्ञान जाणत्याचें आहे खरें, पण नाणें त्या बाईचें आहे. आणि गप्प राहणारा गृहस्थ आपल्या ज्ञानाची मजुरी घेत नसून तिच्या अज्ञानाची वसुली करीत असतो.

हा प्रश्न फार जुना आहे. ख्रिस्तपूर्व 44 सालीं सिसेरोनें आपल्या मुलासाठीं कर्तव्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागांत हेकाटोन नांवाच्या पंडिताच्या पुस्तकांतून घेतलेल्या अशाच कांहीं शंका आहेत. कोणी पितळ समजून सोनें विकावयास आणलें, तर सज्जनानें त्याला तें सोनें आहे म्हणून सांगावें, कीं हजार मोहरांचा जिन्नस एका मोहरेला घ्यावा? त्याच्याच अलीकडे दुसरी शंका आहे: खोटें नाणें नकळत आपल्या पदरीं पडलें, तर खोटेपणा कळल्यानंतर तें खरें म्हणून दुसऱ्याच्या गळ्यांत घालावें काय? डायोजेनीसच्या मतें हरकत नाहीं, अँटिपेटरच्या मतें घालूं नये. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे, व आमचाहि.

तथापि सरसकट ‘सर्वांना सर्व सांगा’ असा दंडक घालण्यास आम्ही तयार नाहीं. नाण्यांचा व्यापारी दुकान मांडून बसला आहे, प्रत्येक नाण्यावर त्यानें आपल्या हातानें किंमत लिहिली आहे, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेस त्याला न दिसलेला एखादा दुर्मिळ ठसा पडला. अशा वेळीं गिऱ्हाइकानें लिहिलेली किंमत मोजून नाणें खिशांत घातलें तर आम्हांस कांहीं वावगें दिसत नाहीं. व्यापाऱ्यानें आपण पारखी असल्याचा फलक लाविला आहे; त्याची चूक ही त्याच्या धंद्याची जोखीम होय. उद्यां तोच ह्या गिऱ्हाइकावर मात करील. ह्याच्या उलट, जो मनुष्य ‘ह्याचें काय येईल हो?’ असें विचारतो, त्यानें आपणांस गिऱ्हाईक म्हणून नव्हे तर सल्लागार म्हणून उभें केलेलें असतें. त्या प्रश्नाचें खोटें किंवा अर्धें उत्तर देऊन लगेच तिजोरी उघडणें ही सरळ सरळ लबाडी आहे. तिला व्यवहारचातुर्य हें नांव देणाऱ्यांनीं निदान आरशांत पाहून तें द्यावें.

उरतो तो मधला प्रसंग. त्या बाईनें कांहींच विचारलें नाहीं. तिनेंच भाव सांगितला. येथें वकिली बुद्धीस पुष्कळ वाव आहे. संमति मिळाली, जबरदस्ती झाली नाहीं, खोटा शब्दहि उच्चारला गेला नाहीं. पण संमति कशाला मिळाली? रुपें विकण्याला, दुर्मिळ नाणें विकण्याला नव्हे, कारण तें आपल्यापाशीं आहे हेंच तिला माहीत नव्हतें. अशा वेळीं आम्ही एक साधी कसोटी लावून पाहतों. घेणाऱ्याला दुसऱ्या दिवशीं विकणाऱ्याच्याच ओट्यावर बसून ‘काल तुमच्याकडून मला काय मिळालें ठाऊक आहे का?’ असें सांगतां येईल काय? व्यापाऱ्याला तें सांगतां येतें. तो कपाळावर हात मारील, चार शिव्या देईल आणि चहा मागवील. त्या बाईला मात्र सांगतां येत नाहीं. तिचें घर टाळण्यासाठीं हा गृहस्थ दुसऱ्या गल्लीनें जाऊं लागेल. जुन्या बाजारांत पथारी पसरून बसणारा ह्या दोहोंपैकीं कोणत्या बाजूचा, हें ज्याचें त्यानें तेथें उभें राहूनच ठरवावें लागेल. ती रेषा अंधुक आहे हें आम्ही नाकारीत नाहीं.

विधवेचें नुकसान पैशांचें असतें व तें भरून देतां येतें. जाणत्यांच्या मौनानें होणारें एक नुकसान मात्र असें आहे कीं ज्याची भरपाई कोणासहि करतां येत नाहीं. इंग्लंडांत 1996 च्या कायद्यान्वयें, 300 वर्षांहून जुनीं सोन्यारुप्याचीं दोन वा अधिक नाणीं एकत्र सांपडल्यास सरकारास कळवावीं लागतात. संग्रहालयानें तीं ठेवून घेतल्यास बाजारभावाप्रमाणें मोबदला मिळतो व तो बहुधा सांपडविणारा आणि जमिनीचा मालक ह्यांत वांटला जातो. म्हणजे प्रामाणिकपणानें पोट भरत नाहीं अशी तेथें सबब नाहीं. असें असूनहि 2015 सालीं लेमिन्स्टरजवळच्या एका शेतांत धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या दोघांना नवव्या शतकांतील ठेवा सांपडला, तेव्हां त्यांनीं मालकास कळविलें नाहीं. नाणीं गुपचूप बाजारांत गेलीं, आणि 2019 सालीं त्या दोघांना कारावासाची शिक्षा झाली. हातीं लागलेल्या थोड्या नाण्यांपैकीं कांहींवर दोन सम्राट शेजारीं शेजारीं बसलेले आहेत. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ ह्या दोघांच्याहि नांवानें तशीं नाणीं पडलेलीं आहेत. आल्फ्रेडच्या बाजूच्या बखरकारांनीं ह्या केओलवुल्फला परक्यांच्या हातचें बाहुलें म्हणून इतिहासांतून जवळजवळ पुसून टाकलें होतें; नाणीं सांगतात कीं तो आल्फ्रेडच्या बरोबरीचा सहकारी होता. ठेव्यांत एकंदर सुमारें 300 नाणीं असावींत असा अजमास आहे. त्यांतलीं पुष्कळशीं अद्यापि उजेडांत आलेलीं नाहींत. तीं कोणा संग्राहकाच्या पेटींत असलींच, तर तीं काय आहेत हें त्याला पक्कें ठाऊक असणार. आणि म्हणूनच घरीं आलेल्या पाहुण्यापुढेंहि ती पेटी उघडण्याची त्याला सोय नाहीं.