विषाद आणि प्रसाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाला परंपरेने ‘अर्जुनविषादयोग’ असे नाव दिले आहे. विषाद म्हणजे धीर सुटणे, मन खचणे. आता खचणे हाही योग कसा, अशी शंका जिज्ञासूच्या मनात येणे साहजिक आहे. तिचे उत्तर पुष्कळ अंशी त्या शब्दाच्या व्युत्पत्तीतच सापडते.

‘सद्’ या धातूस ‘वि’ उपसर्ग लागून हा शब्द सिद्ध होतो. धातुपाठात त्या धातूचे विशरण, गती आणि अवसादन, म्हणजे शिथिल होऊन विखुरणे, जाणे आणि खाली बसणे, असे तीन अर्थ सांगितले आहेत. कुरुक्षेत्रावर यांतील पहिला व तिसरा अर्थ डोळ्यांना दिसतो. अर्जुनाची गात्रे गळतात, गांडीव हातातून निसटते आणि ४७ व्या श्लोकात तो धनुष्यबाण टाकून रथात बसतो.

परंतु याच धातूपासून ‘प्रसाद’ हा शब्दही झाला आहे. चित्त खाली बसले तर विषाद. आणि गढूळ पाण्यातील गाळ खाली बसून पाणी निवळावे तसे ते निवळले तर प्रसाद. दुसऱ्या अध्यायात प्रसादाने सर्व दुःखांचा नाश होतो असे सांगितले आहे आणि अठराव्या अध्यायाच्या ७३ व्या श्लोकात, आपला मोह भगवंतांच्या प्रसादाने गेला, असे अर्जुन स्वतःच कबूल करतो.

म्हणून विषाद हा मुळातच पवित्र आहे असे मात्र नव्हे. अठराव्या अध्यायात विषादी कर्त्याची गणना तामसांतच केली आहे. आशेचा त्यागही याहून निराळा. ‘निराशी’ हे विशेषण गीतेत तीनदा आले आहे आणि तिन्ही वेळा ते गौरवाचे आहे. निराशी पुरुष फळाची आशा सोडतो, कर्तव्य सोडीत नाही. विषादग्रस्त मनुष्य कर्तव्य टाकतो आणि फळाची चिंता मात्र उराशी धरून बसतो.

अर्जुनाचा विषाद योग झाला, कारण त्याने तो लपविला नाही आणि रथ सोडून तो निघूनही गेला नाही; शिष्य होऊन त्याने मार्ग विचारला. कर्ज, नापिकी, अपत्याचे दुखणे किंवा जिवलगाचा वियोग यांनी खचलेल्या गृहस्थाला हाच मार्ग मोकळा आहे. दुःख जाणत्या माणसापुढे बोलून दाखवावे आणि त्या दिवसाचे लहानसे कर्तव्य तरी हातचे सोडू नये.

पण ज्याची वाचाच बसली, त्याने काय करावे? मार्ग विचारल्यावरही अर्जुन ‘लढणार नाही’ असे म्हणून गप्प झाला होता. तो तसाच विषादात बुडालेला असताना भगवंतांनी बोलावयास आरंभ केला. आधी तू सावर, मग बोलू, असे त्यांनी म्हटले नाही. सारथ्याचा धर्म तो हाच. घरात कोणी असे खचले असेल तर त्याला भ्याड म्हणून हिणवू नये. त्याच्याजवळ बसावे, त्याचे ऐकावे. नैराश्य हटत नसेल तर तो आजारही असू शकतो, हे ओळखून त्याला डॉक्टरांकडे न्यावे. खचलेल्याला एकटे न सोडणे, हेही गृहस्थाचे कर्तव्यकर्मच आहे.