कुठे निघालात?

घरातून बाहेर पडणाऱ्या माणसाला 'कुठे?' म्हणून विचारू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत. विचारायचेच झाले तर 'लांब निघालात का?' असे विचारावे. निघणाऱ्यानेही 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे. या रीतीमागे शकुन-अपशकुनाची समजूत आहे हे खरे. पण तिच्यात थोडे शहाणपणही आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. 'लांब निघालात का?' या प्रश्नाला 'नाही, इथेच जरा' एवढे उत्तर पुरते. विचारणाऱ्याची आपुलकी पोहोचते आणि जाणाऱ्याचे जाणे त्याच्यापाशी राहते. 'इथेच जरा' म्हणून माणूस सावकाराकडे जाऊ शकतो, डॉक्टरकडे जाऊ शकतो, रुसलेल्या भावाची समजूत घालायलाही जाऊ शकतो.

नव्या मोटारीला हे उत्तर चालत नाही. आपल्या देशात २०१९ सालापासून इंटरनेटला जोडलेल्या मोटारी मोठ्या हौसेने विकल्या जाऊ लागल्या. अशा मोटारीच्या पोटात एक सिमकार्ड असते. टपावर मुशीच्या पाठीवरच्या परासारखा एक छोटा उंचवटा दिसतो, ती तिची अँटेना. गाडी कुठे आहे, किती वाजता सुटली, किती वेगाने गेली, ब्रेक कुठे करकचून दाबला, हे सारे ती गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकाला कळवू शकते. मालकालाही ते मोबाइलवर दिसते, आणि बहुतेकांना त्याचे कौतुकच वाटते.

आमच्या कोलशेतला कौतुकाबरोबर शंकाही आली. एके काळी इथे रासायनिक कारखान्यांचे भोंगे वाजत. आता त्या जमिनींवर उंच इमारती आहेत, आणि इमारतींच्या पोटात मोटारींचे मजलेच्या मजले आहेत. तिथे गेल्या वर्षात दोन-तीन मालकांनी गाडीचे वायरिंग करणारा कारागीर बोलावून डॅशबोर्डखालचा तो नेमका फ्यूज काढून घेतला. फ्यूज नखाएवढा असतो. तो काढला की गाडी चालते, दिवे लागतात, गाणी वाजतात. फक्त तिचे चहाड्या सांगणे बंद होते. दिवाळीच्या फराळाला जमलेल्या मंडळींत यावरून बरीच जुंपली. एका पक्षाचे म्हणणे होते की, ज्याच्या मनात पाप नाही त्याने भ्यावे कशाला?

हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. पाप नसलेल्या माणसालाही किंमत मोजावी लागते, याचे दाखले आहेत. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या मोटारींनी टिपलेली चालकांची वागणूक, म्हणजे रात्री उशिरा गाडी चालवणे, ब्रेक जोरात दाबणे, ही माहितीचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांच्या हाती गेली. कित्येकांना विम्याचा हप्ता का वाढला हे कळेचना. २०२४ साली ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अशी माहिती पाच वर्षे देण्यास मनाई करण्याची कारवाई केली. आपला चित्रगुप्तही सर्वांची वही लिहितो. पण ती वही त्याने कुण्या विमेवाल्याला विकल्याचे कोणत्याही पुराणात नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे आठ लाख विजेच्या मोटारींची माहिती इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली, आणि त्यांपैकी जवळजवळ साडेचार लाखांहून अधिक गाड्या कुठे कुठे उभ्या होत्या हे तिच्यातून कळत होते. तिथे कोणी चोरी केली नव्हती. दार लावायचे राहून गेले होते, एवढेच.

आपल्या न्यायालयापुढे हा प्रश्न मोटारीच्या पुष्कळ आधी आला होता. उत्तर प्रदेशातील खडकसिंग नावाच्या माणसावर दरोड्याचा आरोप होता; पुराव्याअभावी तो सुटला, पण पोलिसांनी त्याच्यावर नजर ठेवली. रात्री-अपरात्री दार वाजवून तो घरी आहे की नाही हे पाहत. १९६२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने रात्रीचे दार वाजवणे बेकायदा ठरवले. परंतु त्याच्या येण्याजाण्यावर नजर ठेवण्यास हरकत नाही, असे बहुमत पडले. कारण काय? तर पाय कोणी बांधलेले नाहीत, तो कुठेही जाऊ शकतो! न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटले नाही. पाठीमागे नजर आहे हे ठाऊक असताना माणूस हिंडला, तर ते मोकळे हिंडणे नव्हे, असा त्यांच्या मताचा आशय होता. ते मत ग्राह्य धरले जायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. पुढे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तो कायदा म्हणतो. गाडी घेताना आपण काचेवर बोट टेकवून संमती देतो. ती मागे घ्यायला मात्र वायरिंगवाला लागतो.

तेव्हा फ्यूज काढणारा मला गुन्हेगार वाटत नाही. (टॅक्सी आणि बस यांची गोष्ट वेगळी. तिथे प्रवाशांच्या सुरक्षेसाठी ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि धोक्याचे बटण कायद्यानेच लावलेले आहे, आणि ते काढणे हा दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.) पण खाजगी गाडीतही एक अडचण उरते. पुष्कळ गाड्यांत अपघात झाल्यावर मदत मागणारी व्यवस्था त्याच फ्यूजवर असते. म्हणजे चहाडखोराला हाकलावे, तर त्याच्याबरोबर राखणदारही जातो. ही सांगड निसर्गाने घातलेली नाही, ती बनवणाऱ्याने घातलेली आहे. युरोपात ३१ मार्च २०१८ पासून नव्या नमुन्याच्या मोटारींना अपघाताच्या वेळी आपोआप ११२ क्रमांकाला हाक देणारे यंत्र सक्तीचे आहे, आणि एरवी त्याने गाडीचा सतत माग ठेवू नये असे तिथल्या नियमातच लिहिले आहे. टक्कर होईपर्यंत ते मुके असते. असे मुके राखणदार बनवता येतात, हे एकदा कळल्यावर 'जीव हवा असेल तर सारे सांगा' ही अट मला मान्य करवत नाही.

इथवर मी मालकाच्या बाजूने बोललो. परंतु गाडीचा मालक एक असतो आणि तिच्यात बसणारी माणसे अनेक असतात.

आमच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी मुलीला मोटार घेऊन दिली. ती ऐरोलीला नोकरी करते आणि रात्री उशिरा परतते. वडील रोज मोबाइलवर तो निळा ठिपका पाहत बसत. ठिपका कापूरबावडीला थांबला की यांचा जीव थांबे. एक दिवस ठिपका दिसेनासा झाला. मुलीनेच फ्यूज काढून घेतला होता. गृहस्थ माझ्याकडे आले; म्हणाले, 'तुम्ही तरी तिला सांगा.' मुलगी म्हणाली, 'काका, बाबांनी विचारलं तर मी सांगतेच. ते विचारतच नाहीत, बघतात.' यावर मला काही बोलता आले नाही. मुलीने आधी सांगून काढायला हवे होते एवढे मी म्हटले, आणि ते तिने मान्य केले.

वडिलांची काळजी खोटी नव्हती. काळजीला पाळतीचे रूप केव्हा येते हे काळजी करणाऱ्याला कळणे फार कठीण असते. त्याच्या मनात दोन्ही वेळा प्रेमच असते. मला एवढीच खूण सापडते की काळजी करणारा विचारतो, आणि विचारलेल्याला 'इथेच जरा' म्हणायची मोकळीक असते. ठिपक्याला ती मोकळीक नाही. बापाने मुलीवर विश्वास ठेवल्याचे तिला कळण्याची सोयही त्या ठिपक्यात नाही. कारण विश्वास ठेवायला थोडे न दिसणे लागते.

या दोघांनी आपसांत तोड काढली. निघताना ती एक निरोप पाठवते, पोहोचल्यावर दुसरा. मधला पाऊण तास तिचा. वडिलांना तो पाऊण तास अजून जड जातो, पण ते सोसतात.

मात्र त्यांच्या घरी दुसरीही एक गाडी आहे. ती पगारी ड्रायव्हर चालवतो. मुलीचे पटल्यावर गृहस्थांनी स्वतःच्या जाण्यायेण्याचाही विचार केला, कंपनीला आपली माहिती का द्यावी असे त्यांनाही वाटू लागले. पण त्या गाडीचा फ्यूज काही निघाला नाही. का, म्हणून विचारले तर म्हणाले, 'अहो, मग तो गाडी कुठे कुठे फिरवील!' गाडी त्यांची आहे, पेट्रोल त्यांचे आहे. कामाच्या वेळेत ती कुठे आहे हे कळण्याचा त्यांना हक्क आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु त्यांना मुलीच्या पाऊण तासाची किंमत कळली, आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत कोलशेतच्या खाडीवर गाडी लावून घटकाभर पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाची कळली नाही. त्याला तिथे थांबल्याबद्दल दोनदा विचारणा झाली आहे. आपल्या सोसायटीच्या फाटकावरही हेच चालते: मोलकरीण किती वाजता आली, किती वाजता गेली, हे मोबाइलवर टिपले जाते, आणि टिपणारे आम्हीच स्वतःच्या माहितीसाठी दार लावून घेत असतो. खाजगीपणा हा माणसाचा हक्क असेल, तर तो गाडीच्या नोंदणीपत्रावरचे नाव पाहून कसा मिळेल?

हे मी त्या गृहस्थांना बोलून दाखवले. ते रागावले नाहीत. बराच वेळ चकली मोडीत बसले आणि मग म्हणाले, 'जेवणाच्या सुट्टीत बघायचे नाही, एवढे करता येईल.' त्यांच्या मोबाइलवर तशी सोय नाही. बघायचे नाही म्हणजे त्यांनी स्वतःच बघायचे नाही. ड्रायव्हरला हे अजून कोणी सांगितलेले नाही, आणि दिवाळीच्या बोनसबरोबर ते सांगावे की नाही याबद्दल घरात दोन मते आहेत.