पुन्हा मत कोण मागतं?

"जव्हार-मोखाड्याचे लोक कुणालाच टिकू देत नाहीत, म्हणून त्यांचं काही होत नाही." आदिवासी भागात बरीच वर्षं सरकारी नोकरी करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी हे वाक्य बोलता बोलता टाकलं आणि ते दुसऱ्या विषयाकडे वळले. माझं मन मात्र तिथेच अडकलं. राग आला तो वाक्याचा कमी आणि त्याला तत्काळ उत्तर सुचेना याचा जास्त. कारण वरवर पाहिलं तर ते खरंच वाटतं. जव्हार, मोखाडा आणि विक्रमगड हे तालुके आज विक्रमगड विधानसभा मतदारसंघात येतात. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर 2009 मध्ये इथली पहिली निवडणूक झाली. तेव्हा चिंतामण वनगा निवडून आले. 2014 मध्ये विष्णू सवरा, 2019 मध्ये सुनील भुसारा, 2024 मध्ये हरिश्चंद्र भोये. चार निवडणुका, चार आमदार. जव्हार तालुक्यातल्या साखरशेतसारख्या गावात 2009 साली पहिल्यांदा मत देणारी मुलगी आज तिशी ओलांडून गेली आहे. एकच आमदार लागोपाठ दोनदा निवडून आलेला तिने पाहिलेला नाही.

या भागाचं दुखणं वाचकांना नव्याने सांगायला नको. 1992-93 मधल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंपासून ते दर उन्हाळ्यातल्या टँकरपर्यंत आणि दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघणाऱ्या कुटुंबांपर्यंत सारं छापून आलेलं आहे. प्रश्न वेगळा आहे. या दुखण्याचं खापर मतदारांच्या चंचलपणावर फोडता येतं का?

माझा पहिला विचार असा होता की चंचलपणा हाच इथल्या मतदाराचा शहाणपणा आहे. ज्याच्या हातात दुसरं काही नाही, त्याने दर पाच वर्षांनी माणूस बदलावा. त्यात वावगं काय? हा मुद्दा पक्का करावा म्हणून मी या चौघांतल्या सर्वांत दीर्घ कारकिर्दीकडे, विष्णू सवरांकडे, वळलो. तिथे गोष्ट निराळीच निघाली.

सवरा मूळचे वाडा तालुक्यातले. स्टेट बँकेतली नोकरी सोडून 1980 मध्ये ते भाजपतर्फे वाड्यातून उभे राहिले आणि हरले. 1985 मध्ये पुन्हा हरले. आदिवासी घरातल्या माणसाने बँकेची कायम नोकरी सोडायची आणि लागोपाठ दोन पराभव पचवून पुन्हा त्याच लोकांपुढे जायचं, याला धीर लागतो. 1990 मध्ये वाड्याने त्यांना निवडून दिलं, आणि मग 1995, 1999, 2004 असं निवडून देतच राहिला. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारात ते आदिवासी विकासमंत्री झाले. मग पुनर्रचनेत वाडा मतदारसंघच नकाशावरून गेला आणि तालुक्याची वाटणी झाली. 2009 मध्ये सवरा भिवंडी ग्रामीणमधून निवडून आले. 2014 मध्ये तिथले विद्यमान आमदार असूनही ते विक्रमगडला आले, शिवसेनेच्या प्रकाश निकम यांना चार हजारांहूनही कमी मतांनी हरवून जिंकले आणि पुन्हा आदिवासी विकासमंत्री झाले. त्याच वर्षी 1 ऑगस्टला जन्मलेल्या पालघर जिल्ह्याचे ते पहिले पालकमंत्री. जून 2019 मध्ये त्यांचं मंत्रिपद गेलं. त्या वर्षीची विधानसभा त्यांनी लढवली नाही, चिरंजीव डॉ. हेमंत सवरा उभे राहिले आणि भुसारांकडून हरले. 9 डिसेंबर 2020 ला विष्णू सवरा गेले.

सलग सहा विजय, तीन मतदारसंघ. माणूस टिकला; जागा बदलत गेली.

इथे मला एक भेद फार महत्त्वाचा वाटतो. पक्षाने उमेदवार बदलणं ही एक गोष्ट आहे आणि मतदारांनी आमदार पाडणं ही दुसरी. निकालाच्या तक्त्यात दोन्ही सारखीच दिसतात: जुनं नाव गेलं, नवं आलं. पण पहिल्या गोष्टीत मतदाराला कुणी विचारलेलं नसतं. विक्रमगडचा तक्ता हा भेद ध्यानात ठेवून पुन्हा वाचा. वनगा 2009 च्या मे महिन्यात लोकसभेला हरले, ऑक्टोबरमध्ये विक्रमगडमधून आमदार झाले आणि 2014 मध्ये मुदत संपण्याआधीच लोकसभेत गेले. 2014 च्या विधानसभेला ते उभेच नव्हते. 2019 ला सवरा उभे नव्हते. म्हणजे पहिल्या दोन्ही आमदारांनी या मतदारसंघात दुसऱ्यांदा मत मागितलेलंच नाही. मग लोकांनी त्यांना टिकू दिलं नाही, हे कशाच्या आधारावर म्हणायचं? उलट 2009 आणि 2014 मध्ये लोकांनी एकाच पक्षाला, भाजपला, निवडून दिलं.

त्या गृहस्थांची बाजूही पुरती मांडायला हवी, कारण तिच्यात तथ्य आहे. त्यांचं म्हणणं असं की आमदार जुना झाला की मुंबईत त्याच्या शब्दाला वजन येतं. पहिल्यांदा निवडून आलेल्याची कार्यालयं ओळखण्यातच दोन वर्षं जातात. खरं आहे. सवरा दोनदा मंत्री झाले ते या मुरलेपणामुळेच. त्यांच्या दुसऱ्या मंत्रिपदाच्या काळात गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना आली. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट अनुसूचित क्षेत्रातल्या, म्हणजे पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णयही त्याच काळातला. ही कामं लहान नाहीत. आणि तरीही सप्टेंबर 2016 मध्ये, कुपोषणाने मूल गमावलेल्या मोखाड्यातल्या एका कुटुंबाला भेटायला गेलेल्या याच मंत्र्यांना गावकऱ्यांच्या संतापाला तोंड द्यावं लागलं, आणि त्या वेळच्या त्यांच्या उद्गारांवरून राज्यभर टीका झाली. खातं त्यांचं, जिल्हा त्यांचा, मतदारसंघही त्यांचाच. वजन होतं, पण ते ज्या भागातून मिळवलं होतं तो हा भाग नव्हता. सवरांची मुळं वाड्यात होती, मोखाड्यात नव्हे. म्हणून टिकण्याबद्दल बोलताना माणूस टिकला की त्या जागेशी त्याचं नातं टिकलं, हे आधी सांगावं लागतं. साखरशेतच्या उपयोगाचं आहे ते हे नातं.

इथे थोडं आडवाटेला जातो, कारण हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. आमदार आणि खासदार या भागात कोणत्या ऋतूत मत मागायला येतात, ते पाहा. विधानसभेचं मतदान 2009 मध्ये 13 ऑक्टोबरला, 2014 मध्ये 15 ऑक्टोबरला आणि 2019 मध्ये 21 ऑक्टोबरला झालं. तिन्ही वेळा दिवाळी काही दिवसांवर होती. ओहोळ वाहत असतात, विहिरींना पाणी असतं, नागली-वरई शेतात असते आणि माणसं घरी असतात. लोकसभेचं मतदान मात्र 2014 मध्ये 24 एप्रिलला, 2019 मध्ये 29 एप्रिलला, 2024 मध्ये 20 मे ला. तेव्हा विहिरी आटलेल्या, बाया हंडा घेऊन टँकरची वाट पाहत असलेल्या. पण पाणीपुरवठा, रोजगार हमी, आश्रमशाळा, आरोग्य केंद्र हे सगळं मुख्यतः राज्याच्या आणि जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतलं. तहान लागलेली असते तेव्हा दारात दिल्लीचा उमेदवार येतो, आणि ज्याला पाण्याचा जाब विचारायचा तो येतो तेव्हा रान हिरवं असतं. याच मोखाड्यात कोचाळ्याजवळ उभ्या राहिलेल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईला जातं. उन्हाळ्यातला राग ऑक्टोबरपर्यंत कोण जपून ठेवणार? 2024 मध्ये हे वेळापत्रक प्रथमच बदललं. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला, दिवाळीनंतर झालं. तेव्हा भट्ट्यांकडे जाण्याचा हंगाम सुरू झालेला असतो. म्हणजे एक अडचण सरली तर दुसरी उभी राहिली.

पुन्हा मुद्द्यावर येतो. आमदार हलतात कसे? हा प्रदेशच त्याला सोयीचा आहे. डहाणू, विक्रमगड, पालघर, बोईसर, भिवंडी ग्रामीण, शहापूर हे सहाही शेजार-शेजारचे मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत, आणि पालघर लोकसभाही. आरक्षणामुळेच इथल्या आदिवासींना विधानसभेत आवाज मिळाला. पण त्यातून पक्षांना एक मोकळीकही मिळाली: एका जागेवरची नाराजी शेजारच्या जागेवर उमेदवार नेऊन टाळता येते. काही वेळा स्थलांतर अटळही असतं. 2004 मध्ये तेव्हाच्या जव्हार मतदारसंघातून मार्क्सवादी पक्षाचे राजाराम ओझरे निवडून आले. तो मतदारसंघच रद्द झाल्यावर 2009 मध्ये ते डहाणूतून विधानसभेत गेले. तिथे दोष पुनर्रचनेचा. मात्र परिणाम तोच. नेता हलू शकतो, मतदार हलू शकत नाही.

या विचाराने मला एका अशा ठिकाणी आणून सोडलं, जिथे जायचं माझ्या मनात नव्हतं. घराणेशाहीविरुद्ध लिहायला मी केव्हाही तयार असतो, आणि 2019 मधली डॉ. हेमंत सवरांची उमेदवारी त्याचं आयतं उदाहरण होती. पण जरा थांबून पाहिलं, तर विक्रमगडच्या इतिहासात मंत्र्याच्या पाच वर्षांवर लोकांना निकाल देता आला तो एवढ्याच वाटेने. वडील उभे नव्हते, पण आडनाव उभं होतं. लोकांनी त्या आडनावाला 21 हजारांहून जास्त मतांनी हरवलं. तिथे एखादा अनोळखी उमेदवार असता, तर तो "मी नवीन आहे" म्हणून सुटला असता. याच हेमंत सवरांना 2024 मध्ये पालघरने खासदार केलं. म्हणजे लोकांनी आडनावावर कायमचा शिक्का मारला नव्हता, त्या पाच वर्षांवर मारला होता. घराणेशाही मला आजही अन्यायकारक वाटते, कारण ती बाकीच्या शंभर कार्यकर्त्यांची वाट अडवते, आणि बापाच्या कारभाराची किंमत मुलाकडून वसूल होणंही न्याय्य नाही. पण राग नेमका कुठे द्यायचा याचा पत्ता तरी तिने दिला. तो पत्ता देण्याचं काम खरं तर त्या आमदाराचं होतं.

आणि म्हणून या तक्त्यात मला आता सर्वांत आदरणीय वाटतो तो 2024 मध्ये पडलेला आमदार. सुनील भुसारा याच मतदारसंघात 2014 मध्ये उभे राहून हरले, 2019 मध्ये जिंकले आणि 2024 मध्ये आमदारकीचा हिशेब घेऊन पुन्हा इथेच उभे राहिले. ते चाळीस हजारांच्या आसपास मतांनी हरले. त्यांचं काम चांगलं की वाईट, हे ठरवणारा मी कोण? ते मतदारांनी ठरवलं. पण ठरवण्याची संधी त्यांनी दिली. लोकशाहीत आमदाराचं पहिलं कर्तव्य जिंकत राहणं हे नाही; जिथून जिंकला तिथेच परत येऊन उभं राहणं हे आहे. सहा विजयांपेक्षा असा एक पराभव साखरशेतच्या मतदाराचा अधिक मान राखतो.

पुन्हा उभं राहण्याची सक्ती कायद्याने करता येणार नाही आणि करूही नये. आजारपण असतं, वय असतं. पण ग्रामसभेत विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. विद्यमान आमदार हरिश्चंद्र भोये यांना आणि त्यांच्या पक्षाला साखरशेतने, खोडाळ्याने, जामसरने आत्ताच विचारावं: 2029 मध्ये तुम्ही इथूनच उभे राहणार ना? आणि त्या गृहस्थांना माझं उत्तर असं आहे. विक्रमगडने आजवर एकाही आमदाराला दुसऱ्यांदा निवडून दिलेलं नाही हे खरं. पण दुसऱ्यांदा मत मागायला आजवर एकच आमदार आला.