मातीची अमानत



कापसाचा हंगाम सरला की मुक्ताईनगरच्या शिवारात संध्याकाळी ठिकठिकाणी धूर उठतो. एका जुम्याच्या नमाजनंतर एका शेतकरी बांधवाने मला विचारले, "मौलाना, शेत माझे, पऱ्हाट्या माझ्या. पेटवल्या तर कोणाचे काय गेले?" प्रश्न सरळ होता. उत्तर देण्यापूर्वी पेटवले जाते ते नेमके काय, हे पाहिले पाहिजे.

अल्लाह तआलाने या सृष्टीत दोन वेगवेगळ्या व्यवस्था ठेवल्या आहेत. पहिली ऊर्जेची. सूर्याचा प्रकाश दररोज नव्याने येतो. हिरवे पान त्याचा अगदी अल्प अंश, बहुधा शेकडा एकाहूनही कमी, अन्नाच्या रूपाने साठवते. ते पान बकरी खाते. पण त्यातील बहुतेक ऊर्जा तिच्या चालण्यात, श्वासात आणि अंगाच्या उबेत खर्च होते. ढोबळमानाने दहावा हिस्सा पुढच्या पायरीला पोहोचतो, उरलेली उष्णता होऊन निघून जाते व परत येत नाही. (या दहाव्या हिश्श्याचा संबंध उश्रशी जोडून काही वक्ते लगेच चमत्कार सांगू लागतील. मला ते योग्य वाटत नाही. कुरआनला असल्या आधाराची गरज नाही.)

आपल्या तालुक्यातील वढोदा-डोलारखेडा परिसरात वाघ आहेत, आणि ते केळीच्या बागांतही आसरा घेतात, हे आपण जाणतो. ते मोजकेच का? एका वाघाला वर्षाला साधारण 50 मोठी जनावरे लागतात. एवढी जनावरे दरवर्षी कमी होऊनही कळप टिकायचा तर तो सुमारे 500 चा हवा, आणि त्या कळपामागे कितीतरी गवत हवे. तळाचे गवत गेले की शिखरावरचा वाघ आपोआप जातो. सूरह रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबरच तराजूचा उल्लेख आला आहे आणि त्यात मर्यादा ओलांडू नका असे बजावले आहे. तो तराजू केवळ दुकानातला नव्हे.

दुसरी व्यवस्था पोषणद्रव्यांची. नत्र, स्फुरद, पालाश ही सूर्यप्रकाशासारखी रोज आकाशातून बरसत नाहीत. आहेत तीच फिरतात: मातीतून पानात, पानातून जनावरात, शेणातून आणि मेलेल्या देहातून पुन्हा मातीत. हे परतीचे काम गांडुळे, वाळवी, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू करतात. ऊर्जा हा रोजचा रिज्क आहे, तर पोषणद्रव्ये ही अमानत आहे. ती वापरून परत द्यायची असते.

आता केळीकडे पाहा. केळीला पालाश फार लागते. घड ट्रकमध्ये भरून दिल्लीकडे रवाना होतो, तेव्हा आपल्या मातीतले पालाश त्याच्याबरोबर जाते आणि अखेर महानगराच्या गटारात पोहोचते. ते भरून काढायला आपण पोटॅश विकत घेतो. भारत हे खत जवळजवळ सगळे परदेशातून आणतो; कॅनडा, रशिया, जॉर्डन येथून. इकडे घड कापल्यावर उरलेले खोड आणि पाने, ज्यांत पालाश भरपूर असते, ती आपण रस्त्याच्या कडेला फेकतो! पऱ्हाट्या जाळल्या की त्यांतला कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत जातो. राखेत पालाश उरते खरे. पण पहिल्या जोराच्या पावसात तीही वाहून तापी-पूर्णेला, तिथून हतनूरच्या गाळाला मिळते.

सूरह अनआममध्ये पीक कापणीच्या दिवशी त्याचा हक्क देण्याचा आदेश आहे आणि लगोलग उधळपट्टीची मनाई आहे. तो हक्क गरिबांचा आहे, याविषयी शंका नाही. पण त्याच आयतीतील उधळपट्टीच्या मनाईतून शेतातले खोड आणि पाला सुटत नाहीत, असे मला नम्रपणे वाटते. आणि जाळण्याबाबत एक हदीस आठवा. एका मुंगीने चावा घेतला म्हणून पूर्वीच्या एका प्रेषितांनी मुंग्यांचे वारूळ जाळवले. तेव्हा अल्लाहने त्यांना जाब विचारला, की एका मुंगीपायी तस्बीह करणारा एक समुदायच जाळला. पेटत्या वावरात असे किती समुदाय असतील?

कब्रस्तानात तीन मुठी माती देताना आपण सूरह ताहाची आयत पठण करतो. मातीतून निर्मिती, मातीतच परतणे आणि तिच्यातूनच पुन्हा उठवले जाणे, हा तिचा आशय. स्वतःच्या देहाबाबत जे आपण मान्य करतो, ते पऱ्हाटीबाबत का नाकारावे?

बकरी ईदचेही हेच. आतडी आणि रक्त नाल्यात सोडले की तीच पोषणद्रव्ये पाण्यात शेवाळ माजवतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवतात, मासे मरतात. तेच विहिरीपासून दूर, खोल खड्ड्यात पुरले तर खत होते. पावसाळ्यात तिथे एक रोप लावा, त्याचे फळ पक्ष्याने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे.

हे सारे ऐकून तो बांधव म्हणाला, "पण मौलाना, बोंडअळीचे काय?" त्याचे बरोबर होते. गुलाबी बोंडअळी लागलेल्या पऱ्हाट्या शेतात उभ्या ठेवणे घातकच. त्या उपटून यंत्राने बारीक कराव्यात आणि शेणासोबत नीट कुजवाव्यात. यंत्राचे भाडे लहान शेतकऱ्याला झेपत नाही, हेही त्याने सांगितले. तेव्हा मशिदीतच पाच-सहा जणांनी मिळून ते आणण्याचे ठरले, आणि ज्याच्याकडे एकच बिघा आहे त्याच्या वाट्याचे भाडे इतरांनी वाटून घ्यायचे.