दिव्याची जागा आणि वेळ

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना कामं सुचवता येतात. 2006 मध्ये ही प्रथा सुरू झाली. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. अभियंते खर्च काढतात, प्रभाग समिती कामांचा क्रम लावते. पदपथ, दिवे, बाक अशी किरकोळ कामं त्यातून होतात. किरकोळ म्हणजे कमी खर्चाची, कमी गरजेची नव्हे.

अशा अर्जात कामाचं नाव येतं, जागा येते. वेळ सहसा येत नाही, आणि सुरक्षितता तर वेळेप्रमाणे बदलते. सकाळी सातला बागेच्या भिंतीलगतचा जो पदपथ फिरायला जाणाऱ्यांनी गजबजलेला असतो, तोच रात्री नऊला बाई टाळते आणि रस्ता ओलांडून पलीकडून जाते. सकाळी फिरणारे काका तिथे बाक मागतात. त्यांचं चुकत नाही. त्यांना दिसलेली उणीव बाकाचीच असते.

समजा, सहकारनगरातली धुणीभांडी उरकून एखादी बाई रात्री जनता वसाहतीकडे परतते आहे. वाटेत कोणता दिवा फांद्यांआड गेलाय, हे तिला पाठ असतं. महापालिकेच्या लेखी तिथे खांब आहे, दिवाही आहे. म्हणजे मागणीच उरत नाही. खांब विद्युत विभागाचा, फांदी उद्यान विभागाची, खालचा पदपथ पथ विभागाचा. तिचा रस्ता मात्र एकच. आणि उपाय काय, तर फांदी छाटणे!

पण अर्ज भरायला सवड असते ती काकांना.

तिला विचारलं, तर ती कदाचित दिव्याआधी कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीचं नाव घेईल. गाडी असते तोवर उजेड असतो, माणसं असतात. अतिक्रमण म्हणून ती उचलली की पदपथ मोकळा होतो आणि ओसाडही. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांनी 1961 मध्ये न्यूयॉर्ककडे पाहून हेच मांडलं होतं: रस्ता सुरक्षित राहतो तो तिथे वावरणाऱ्यांच्या नजरांमुळे. आपल्या 2014 च्या फेरीवाला कायद्यानेही शहर फेरीवाला समितीत किमान 40 टक्के जागा फेरीवाल्यांना दिल्या. सुरक्षिततेच्या चर्चेत मात्र त्यांना क्वचितच कुणी बोलावतं.

तेव्हा पुढच्या वेळी अर्ज भरण्याआधी आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना त्यांची परतीची वाट विचारा, जमल्यास त्या वेळी तिथून चालून या, आणि अर्जात जागेशेजारी वेळही लिहा.