जरा आणि श्रवण



आमच्या खेरडीच्या मंदिरात एकादशीच्या निरूपणास एक वृद्ध आजोबा अनेक वर्षे नेमाने पहिल्या ओळीत बसत. पुढे ते मागच्या खांबापाशी बसू लागले आणि कालांतराने येईनासे झाले. त्यांस वैराग्य प्राप्त झाले असावे असे आम्ही समजलो. इतकेच नव्हे, तर चार लोकांत तसे बोललोही. आमचा तर्क किती उतावळा होता, हे त्यांच्या सूनबाईंकडून कळले. आजोबांस आवाज ऐकू येई, पण शब्द उमगत नसत. भलत्याच ठिकाणी मान डोलावली म्हणून मुले हसली. ती लाज त्यांस सोसवली नाही.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी बाल्य, तारुण्य व वार्धक्य ह्यांस एकाच पंक्तीत बसविले आहे. वार्धक्यास तेथे शिक्षा म्हटलेले नाही. आम्ही मात्र बाळाचे बोबडे बोल दहा वेळा कौतुकाने ऐकतो आणि वृद्धाने ‘काय म्हणालास?’ असे दुसऱ्यांदा विचारले की कपाळास आठ्या घालतो.

देह जीर्ण का होतो, ह्याचा शास्त्रज्ञांनी पुष्कळ शोध घेतला आहे. मनुष्याच्या पेशी देहाबाहेर वाढविल्यास सुमारे ५० वेळा विभागून थांबतात, हे १९६१ साली हेफ्लिक ह्यांनी दाखविले. पदराच्या दशांना गाठी माराव्यात तशी गुणसूत्रांच्या टोकांस राखण असते. ती प्रत्येक विभाजनात थोडी झिजते. ह्या राखणीच्या शोधास २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु सृष्टीत सर्वांस एकच माप नाही. रानातील वेळू कित्येक दशके हिरवा राहून एकदाच फुलतो आणि बी टाकून वाळतो. उलट गोड्या पाण्यातील हायड्रा नावाचा चिमुकला जीव आपल्या पेशी सतत नव्या करीत राहतो. त्यास म्हातारपण जवळजवळ ठाऊकच नाही.

आपल्या कानांस ते भाग्य नाही. अंतःकर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसयुक्त पेशी जन्मतः सुमारे १५ हजार असतात. पक्ष्यांमध्ये त्या नष्ट झाल्या तरी पुन्हा उगवतात. मनुष्यात उगवत नाहीत. वयोमानाने प्रथम उंच पट्टीचे ध्वनी हरपतात, आणि ‘स’, ‘श’ ह्यांसारखी व्यंजने तेथेच असतात. म्हणून स्वर कानी पडतो, शब्द निसटतो. त्यात टाळमृदंगाचा गजर असला तर विचारूच नये! अशा वेळी ओरडून उपयोग थोडा. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे लागते.

कान, गुडघे आणि बुद्धी काही एकाच दिवशी थकत नाहीत. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) ह्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिले, ते १९३६ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी. आमच्या आजोबांचेच पाहा. आम्ही त्यांच्या घरी जाऊन समोर बसलो, एक ओवी सावकाश वाचली. त्यांनी आमचा एक अर्थ चुकीचा म्हणून दाखविला, आणि तो खरोखरच चुकीचा होता.

येत्या एकादशीस निरूपण सभामंडपाच्या मध्यभागी, दिव्याच्या उजेडात होईल. टाळ-मृदंग निरूपण संपल्यावर वाजतील. ज्यांस ऐकण्यास कठीण जाते त्यांनी वक्त्यासमोर बसावे. ती जागा आम्ही राखून ठेवू.