विसावाही चालण्यातच

ओळखीच्या एका आजींना मुलाने पुण्याहून नवा मोबाइल आणून दिला. त्यात पावलं मोजायची सोय होती. रोज दहा हजार पावलं, असं लक्ष्यही त्यानेच लावून दिलं. आजींना सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकुंचित होण्याचा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. त्या त्याला दमाच म्हणतात. विडीला कधी हात लावला नाही, पण उभा जन्म चुलीपुढे फुंकणी फुंकण्यात गेला. रोज संध्याकाळी मोबाइल सांगायचा, आज एवढी पावलं कमी पडली. आठवडाभरात आजींनी तो कपाटात ठेवून दिला. म्हणाल्या, "अरे, माझी धाप मला रोज हिशेब देते. वर हा आणखी कशाला?"

मुलाचं चुकलं म्हणावं, तर वैद्यकशास्त्र त्याच्याच बाजूचं आहे. दम लागतो म्हणून माणूस बसून राहतो. बसून राहिल्याने पायांचे स्नायू दुबळे होतात आणि तेवढ्याच कामाला आणखी श्वास लागतो. मग न्हाणीपर्यंत जातानाही धाप लागते. औषधाचा पंप श्वासनलिका मोकळ्या करतो, पण पायांत बळ आणत नाही. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणंच भाग असतं.

प्रश्न आहे तो मापाचा. दहा हजारांचा आकडा प्रसिद्ध झाला तो १९६५मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजण्याच्या यंत्रामुळे. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. विक्रीसाठीचं ते नाव पुढे आरोग्याचा दंडक होऊन बसलं. आजींच्या फुप्फुसांना मात्र कुणी विचारलं नाही.

तैवानमधल्या डॉक्टरांनी हे विचारलं होतं. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४८ सीओपीडी रुग्ण होते. निम्म्यांच्या मोबाइलमध्ये चालण्यासाठी संगीत घातलं होतं. आधी प्रत्येकाला चालवून त्याची झेप तपासली, मग तिच्या ८० टक्क्यांवर त्या संगीताची लय बांधली. ज्याची जशी छाती, तसा त्याचा ठेका. या रुग्णांची चालण्याची क्षमता वाढली आणि वर्षभर टिकली. मोबाइल साधाच होता. शहाणपण होतं ते आधी माणूस मोजण्यात.

आपल्याला हे नवं वाटायला नको. दिंडीत टाळ-मृदंगाच्या ठेक्यावरच पाय पडतात. पंढरीच्या वाटेवर पालखीचे विसावे ठरलेले असतात आणि विसाव्याला थांबलेल्या वारकऱ्याला कुणी 'कमी चाललास' म्हणत नाही. विसावा हा वारीचाच भाग. दम्याच्या माणसालाही थांबावं लागतं, भिंतीला हात टेकून, शीळ घालताना करतो तसे ओठ करून सावकाश श्वास सोडावा लागतो आणि मग पुढचं पाऊल टाकता येतं. मोबाइल पावलं मोजतो. हे थांबणं त्याच्या हिशेबात शून्य असतं. त्या रुग्णाला मात्र खरी मेहनत तिथेच पडते.

मोबाइलचे निरोप नेहमी मदतच करतात असं नाही, हे अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं. सतरा सीओपीडी रुग्णांपैकी काहींना मोबाइलवरून मार्गदर्शनाचे निरोप येत, बाकीचे फक्त स्वतःची नोंद ठेवत. स्वतः नोंद ठेवणाऱ्यांची पावलं वाढली, मार्गदर्शन मिळणाऱ्यांची घटली. सतरा माणसांवरून नियम बांधता येत नाही. पण रोजची आठवण आणि रोजची टोचणी यांत अंतर किती कमी असतं, हे घरात आजारी माणूस असलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आजारी माणसाला यंत्र देऊन आपण एक सोय स्वतःचीही करून घेतो. विचारपूस यंत्राकडे सोपवतो आणि आकडा घसरला की दोष रुग्णाच्या पदरात टाकतो. 'सगळं दिलंय, पण चालतच नाहीत' हे वाक्य किती घरांत ऐकू येतं! रुग्ण चालायला निघेल तो रस्ता कसा आहे, कचरा कुठे जळतोय, टेकायला बाक आहे का, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. मोबाइल जरूर द्यावा. पण त्यातलं लक्ष्य डॉक्टरांना आणि रुग्णाला विचारून लावावं, आणि काल चारशे पावलं झाली असतील तर आजच्या साडेचारशेंचं कौतुक करावं.

आणि या आठवड्यात एकदा तरी घरातल्या अशा माणसाबरोबर स्वतः चालायला जा. पुढे जाऊन हाक मारू नका. ते थांबतील तिथे थांबा आणि त्यांचा श्वास बसेपर्यंत मोबाइल खिशातच राहू द्या.